टेकडीवर नेऊ नका मला!

मित्रांनो, उजव्या कोपऱ्यात तडा गेलेला, पाठीचं झाकण रबरबँडनं बांधलेला आणि भर दुपारीच बॅटरी संपली म्हणून धापा टाकणारा एखादा मोबाइल तुमच्याही घरात असेल. मी त्यांच्याच भाऊबंदांपैकी एक, आष्टीच्या जयाचा म्हातारा मोबाइल. म्हाताऱ्यांनी आपली कहाणी सावकाश सांगावी म्हणतात, पण मला ते जमायचं नाही. त्या बाजाराच्या दिवसाची आठवण निघाली की कोणी फोन केलेला नसतानाही माझं अंग थरथरायला लागतं!

माझा जन्म खूप दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे अवयव जोडले, मला पुसलं, एका चपट्या डब्यात निजवलं आणि झाकण लावलं. पुन्हा उजेड दिसला तो वर्ध्याच्या एका दुकानात. शेजारच्या काचेत माझ्याहून देखणे, महागडे फोन होते आणि ते माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. मग एक दिवस जया आली, सोबत तिची आई शकुबाई. शकुबाईनं मला उलटा धरला, डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला, "घे जया, हाच घे. याचं तोंड गरीब दिसते." माझी पहिली स्तुती ही अशी झाली. तिथून मी जयाचा झालो.

जयाला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. वर्ध्याच्या एका लॅबसाठी ती आष्टीच्या आसपासच्या गावांत जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घेते. सकाळी स्कूटीच्या पायाशी बर्फाची पेटी ठेवायची, गावोगाव फिरायचं, ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणं होत नाही त्यांच्या ओट्यावर बसून सुई टोचायची आणि दुपारच्या एसटीनं पेटी वर्ध्याला रवाना करायची. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट माझ्यात हजर! लॅबनं फोन काही दिला नाही. ज्यानं त्यानं आपापला आणावा, असा तिथला रिवाज.

पहिल्याच दिवशी लॅबमधल्या प्रफुलभाऊंनी मला हातात घेतलं. संगणक, फोन, कुलूपकिल्ल्या हे सगळं खातं त्यांच्याकडे. त्यांनी माझ्यात लॅबचं ॲप घातलं.

"भाऊ, माह्या घरचे फोटो दिसतीन का तुमाले?" जयानं विचारलं.

"नाई जी, दिसत काईच नाई," प्रफुलभाऊ म्हणाले. "पन पुसता येते. फोन हरवला तर लगेच सांगजा. मी इथून बटन दाबीन, तुमचा फोन नेटमधी आला की सारा कोरा होऊन जाईन. लॅबचं बी जाईन आन् तुमचं घरचं बी. आन् एकदा दाबलं की मले वापस घेता येत नाई, हे आताच सांगून ठेवतो."

घरी आल्यावर जयाच्या नवऱ्यानं, मुकेशनं, हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तो लोकांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतो, त्यामुळे कोणाच्या वस्तूला कोणी हात लावायचा हे त्याचे नियम पक्के. "वा रे वा! फोन आपला, रिचार्ज आपला, आन् पुसाचा हक्क त्याहिचा!" तो म्हणाला. मलाही ते जरा झोंबलंच. पण नोकरी हवी होती, म्हणून जयानं मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझ्या एकाच पोटात दोन घरं नांदू लागली.

काय दिवस होते ते! सकाळी माझ्यातून शकुबाईचा आवाज यायचा. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती हिंगणघाटजवळच्या आपल्या गावाहून आवाजाचे निरोप पाठवायची. फोन म्हणजे वावराच्या पल्याडच्या माणसाला हाक मारण्याची सोय, अशीच तिची समजूत. "जयाऽऽ! अवो जयाऽऽ!" अशी सुरुवात व्हायची की माझा स्पीकर फाटायला यायचा. निरोप संपवायचा कसा हे तिला कधी कळलं नाही, म्हणून शेवटी तिचं दूधवाल्याशी चाललेलं भांडणही त्यात यायचं. जया हसून हसून बेजार व्हायची. आणि दिवसभर? दिवसभर मी लोकांच्या कामाचा! एका आजीनं तर मला कुंकू लावलं होतं, "या डबीनं माही साखर पकडली" म्हणून. ते कुंकू कित्येक दिवस माझ्या कॅमेऱ्याच्या खोबणीत अडकून होतं आणि मी ते मिरवत होतो.

पण मित्रांनो, कौतुकाबरोबर हेळसांडही चालूच होती. मी दोनदा स्कूटीवरून पडलो. तडा गेला. माझं कुलूप म्हणजे काचेवर बोटानं ओढायची एक रेघ, तीही घरातल्या सगळ्यांना ठाऊक. काच रोज पुसावी तर तेही नाही, त्यामुळे त्या रेघेचा तेलकट माग उन्हात सरळ दिसायचा. सगळ्यांत मोठी चूक वेगळीच होती. खेड्यांत नेट मिळत नाही, ॲप उघडत नाही, आणि समोरची बाई तर रिपोर्टची वाट बघत बसलेली. म्हणून जया रिपोर्टचा फोटो काढून माझ्या फोटोंमध्येच ठेवायची. असं करू नका, असं प्रफुलभाऊंनी बजावलं होतं. पण लोकांची खोटी होऊ नये, ही जयाची भाबडी तळमळ. त्यामुळे भाच्याचं बारसं, मग कोणाची साखर, मग वांग्याचं भरीत, मग कोणाचं आणखी काही, असा सगळा गोपाळकाला माझ्या पोटात झाला होता.

आणि मग शकुबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तिचे निरोप मात्र माझ्यातच राहिले. जया रोज गावाला निघण्याआधी एक ऐकायची, डोळे पुसायची आणि स्कूटीला किक मारायची. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. दुसरीकडे उतरवून ठेवू, ठेवू, असं ती म्हणायची आणि तेवढ्यात कोणीतरी बोलवायचं.

आता ऐका त्या दिवसाचं!

आष्टीचा आठवडी बाजार होता. नमुन्यांची पेटी गाडीत चढवून जया भाजी घ्यायला आली. आमच्या बाजारात एक पद्धत आहे. ओळखीच्या भाजीवालीजवळ आपली पिशवी ठेवायची आणि मोकळ्या हातांनी बाजार फिरायचा. जयाची ओळखीची म्हणजे भागीरथाबाई. जयानं सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला दोन्ही हात हवेत म्हणून मला पिशवीत टाकलं, वरून वांगी ओतली आणि "मावशी, पिशवी पाहाजा" म्हणून ती मसाल्याच्या दुकानाकडे वळली.

आता गंमत बघा. त्या वर्षी एका बियाण्याच्या कंपनीनं साऱ्या तालुक्याला हिरव्या कापडी पिशव्या फुकट वाटल्या होत्या. फुकटची वस्तू कोण सोडतो? ज्याच्या त्याच्या हातात तीच हिरवी पिशवी, तेच कपाशीचं बोंड छापलेलं! भागीरथाबाईच्या ओट्याला अशा पाच-सहा पिशव्या टेकून बसल्या होत्या. मला एका खडबडीत हातानं उचललं. हे हात जयाचे नाहीत, हे मला तिथेच कळलं. ओरडावं तर एका घरी बाळ झोपलं होतं म्हणून जयानं सकाळीच माझा आवाज बंद केलेला. पिशवी ॲपे ऑटोत चढली, ऑटोत गाणं लागलं आणि मी वांग्यांखाली दबून निघालो!

इकडे काय घडलं ते मला नंतर कळलं. जया परत आली, पिशवीत हात घातला, तर आत बैलाची नवी वेसण! तिनं भागीरथाबाईच्या फोनवरून मला हाका मारल्या. मी वांग्यांखाली नुसता लुकलुकत होतो, कोणाला दिसणार? मग रस्ता टेकडीच्या मागे वळला आणि माझं नेट गेलं.

भागीरथाबाईनं वेसण ओळखली. "हे तं डोमाजीची हाय. टेकडीमांगचा डोमाजी, संत्रावाला. घाबरू नको पोरी, सोन्यासारखा मानूस हाय तो."

तोवर बातमी कळून मुकेश दुकान टाकून धावत आला होता. "चाल, गाडीवर बस. जाऊन घेऊन येऊ. लॅबले कायले सांगतं? त्यानं बटन दाबलं तं आईचा आवाज जाईन ना!"

जया गाडीवर बसली नाही. टेकडीमागचं गाव! दोन दिवसांपूर्वी त्याच गावात तिनं रीता नावाच्या सुनेचं रक्त घेतलं होतं. रीतानं हात धरून सांगितलं होतं, "ताई, काय निघते ते पयले मलेच सांगजा. घरी कवा सांगाचं ते मी पाहीन." तो रिपोर्ट नेहमीपेक्षा उशिरा, त्या दिवशी सकाळीच आला होता, आणि दुसऱ्या दिवशी रीताला दाखवायचा म्हणून त्याचा फोटो माझ्या पोटात होता. वर नाव मोठ्या अक्षरांत.

"डोमाजी सरळ हाय," जया म्हणाली, "पन त्याच्या ओट्यावर सारं गाव बसते. मी रीताले शब्द देल्ला हाय."

तिनं भागीरथाबाईच्या फोनवरून प्रफुलभाऊंना फोन लावला. फोन कसा गेला, फोटो कसे साठवले होते, काही लपवलं नाही. प्रफुलभाऊ रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जयाबाई, तुमचं घरचं बी जाईन. दाबू?"

जयानं एकच शब्द उच्चारला. "दाबा."

आणि मित्रांनो, बटण दाबलं गेलं! माझ्या नावाचा हुकूम सुटला आणि आकाशात माझी वाट बघत थांबला. मी नेटमध्ये आलो की खेळ खलास. मुकेशनं गाडीला किक मारली. मी नेटच्या बाहेर आहे तोवर मला गाठायचं, एवढीच आता आशा होती.

मला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी डोमाजीच्या ओट्यावर वांग्यांतून बाहेर आलो तेव्हा तो दचकून मागेच सरला.

"बाप्पा! माह्या पिशवीत मोबाइल कुठून आला?" तो म्हणाला. "कोन्या गरिबाचा असन. वापस कराले पायजे."

बोंबाबोंब नको म्हणून त्यानं हरिदासला बोलावलं. हरिदास गावात रिचार्ज मारून देतो, म्हणून गावाला तो मोबाइलमधला डॉक्टर वाटतो. तोवर ओट्यावर पंधरा माणसं जमली. हरिदासनं मला उन्हाकडे तिरपं धरलं. "हे पाहा, बोटाची रेघ दिसून राह्यली," तो म्हणाला, त्यानं तेलकट मागावरून बोट फिरवलं आणि मी सताड उघडला!

माझी लाज गेली, मित्रांनो. मला दार लावता येईना. हरिदासच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "फोटो पाहू, मंग कोनाचा हाय ते समजीन," असं म्हणून त्यानं फोटो उघडले आणि एकेक सरकवायला लागला. सांभाराची जुडी. मुकेश, तोंडात पुरी. जयाची स्कूटी. त्याच्या पुढचा फोटो होता रीताचा कागद! आणि ओट्याच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन, रीताची सासू प्रमिलाबाई मान लांब करून बघत होती. मी म्हटलं, बॅटरी, संप आता, रोज अवेळी संपतेस, आज तरी वेळेवर संप! ती मेली काही संपेना.

"थांबा!"

प्रमिलाबाईच्या मागून रीता पुढे आली. तिनं माझा तडा ओळखला होता. गावच्या सुनेनं पंधरा माणसांत मोठ्यानं बोलायचं म्हणजे सोपं नाही, पण ती बोलली. "हरिदासभाऊ, हा जयाताईचा फोन होय. रक्तवाल्या ताईचा. याच्यात साऱ्या गावाचे कागद असतीन. तुमच्या मायचा बी असन. उघडाले पायजे का?"

हरिदासचं बोट हवेतच राहिलं. डोमाजीनं त्याच्या हातातून मला काढून घेतलं आणि माझी काच धोतराला पालथी टेकवली. "पोरगी बराबर बोलते," तो म्हणाला. "कोनाच्या घराचं दार खुलं दिसलं म्हनून आत जाचं नसते रे."

हुश्श! वाचलो, असं मला वाटलं. कसला वाचतो!

"मामाजी, टेकडीवर मारोतीपाशी टॉवर लागते," गावच्या सुना वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं रीता डोमाजीला म्हणाली. "तिथून ताईच्या घरी फोन करू. त्याहिचा जीव टांगनीले असन."

झालं! दोघांनी चांगुलपणानं मला उचललं आणि टेकडीची वाट धरली. पुढे डोमाजी, मागे मला मुठीत धरून रीता. हुकूम वर टपलेला आणि ही भली माणसं मला आपल्या पायांनी त्याच्या तोंडी नेत होती. पायऱ्या सरत होत्या. संत्र्याच्या बागा खाली खाली जात होत्या. मारोतीचा झेंडा दिसायला लागला आणि माझ्या डोक्यावर नेटची पहिली बारीक काडी उगवली, विझली, पुन्हा उगवली.

"रीता! वर नको जाऊऽऽ! फोन खाली आऽऽन!"

खालून जया ओरडत येत होती. गाडी पायथ्याशी आडवी पडलेली, एक चप्पल तिथेच सुटलेली, मागून मुकेश धापा टाकत. तिची ती हाक ऐकली आणि मी चक्रावलो. शकुबाईच ओरडतेय असं वाटलं मला! पोरीनं आईचा गळा घेतला होता आणि मला इतक्या वर्षांत ते कळलं नव्हतं. रीता गर्रकन वळली आणि उड्या टाकत खाली आली. काडी विझली. मी अजून मीच होतो!

जयानं मला छातीशी धरलं आणि मधल्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. बटणाचं, आईच्या आवाजाचं, आणि रीताच्या कागदाचा फोटो तिनं ठेवायला नको होता, हेही.

मी उघडा राहण्याचा धोका सगळ्यांत जास्त रीतालाच होता. मला तसंच वर नेऊन कोरं केलं असतं तर तिचं काहीच जात नव्हतं. पण ती म्हणाली, "ताई, माह्यासाठी तुमी मायचा आवाज सोडला? मंग आता वर जाचं नाई. आधी आवाज काढून घ्या. मी इथं बसतो, कोनी वर नेत नाई याले." आमच्याकडे बायकाही असंच 'बसतो' म्हणतात, आणि ती खरोखरच वाट अडवून बसली.

नेटशिवाय एका फोनातून दुसऱ्या फोनात आवाज धाडता येतात. जयानं मुकेशचा फोन घेतला. तर काय? जागाच नाही! मुकेशच्या फोनात काठोकाठ शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींचे, व्हिडिओ भरलेले, बैलजोड्याच बैलजोड्या! त्यानं एकदा जयाकडे पाहिलं, एकदा आपल्या लाडक्या जोड्यांकडे पाहिलं.

"हान, पुसून टाक," तो म्हणाला आणि तोंड फिरवून संत्र्याच्या बागा बघत राहिला.

मग शकुबाई माझ्यातून निघाली, एकेक हाक, एकेक भांडण, दूधवाल्यासकट. तेवढ्यात रीतानं आपला कागद मागितला. जयानं तो तिला दाखवला, हळू आवाजात समजावून सांगितला. डोमाजी उठून लांब, झाडाखाली जाऊन उभा राहिला. रीतानं डोळे पुसले, पदर सावरला आणि म्हणाली, "घरी आजच सांगीन. मीच सांगीन."

शेवटचा आवाज गेला आणि जया उठली. मला घेऊन ती स्वतः टेकडी चढली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण तिचा अंगठा माझ्या तड्यावरून फिरत होता. मारोतीपाशी दोन काड्या भरल्या आणि हुकूम कोसळला. फोटो गेले, नंबर गेले, कागद गेले. काच काळी झाली, मग पांढरी. मी कोरा झालो. ही हकिकत मला कशी माहीत, असं विचाराल, तर जया ती लॅबमधल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते, आणि पायऱ्यांवर आलं की माझं अंग आपोआप थरथरतं. जोडणाऱ्या मुलींनी ही आठवण कुठल्या अवयवात ठेवली कोणास ठाऊक!

आता माझ्यात लॅबचा कप्पा निराळा आहे, त्याला निराळं कुलूप आहे, आणि प्रफुलभाऊंना पुसायचं झालंच तर तेवढाच कप्पा पुसता येतो. हे त्यांनीच जयाला बसवून करून दिलं आणि "हे आमी पयलेच कराले पायजे होतं" असंही म्हणाले. काच रोज पुसली जाते. जयाला लॅबनं नवा फोन घ्यायला सांगितलं, पण माझं तोंड गरीब आहे म्हणून तिला सोडवत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या आईबाबांचा फोन त्यांच्या कामाचाही असेल, तर त्यात तुम्हाला न दिसणारी पुष्कळ माणसं राहत असतात. त्यांचं दार लावून घ्या. दुसऱ्याचं उघडं दिसलं तर डोकावू नका. हरवलं तर लपवू नका, लगेच सांगा. आणि जो आवाज जिवापलीकडचा असेल तो आज, आत्ता दुसरीकडे उतरवून ठेवा.

काय म्हणता? रीताच्या कागदात काय होतं? अरे वा! एवढं सगळं ऐकून शेवटी हेच विचारलंत? तो कागद माझ्यातून केव्हाच पुसला गेला, आणि पुसला नसता तरी मी सांगितलं नसतं.